मैदानात जमलेली वर्गणी पोराला डॉक्टरपर्यंत नेईल का?

धानाची कापणी उरकली की झाडीपट्टीत दोन हंगाम सोबतच सुरू होतात. एक मंडईचा, दुसरा टूर्नामेंटचा. पवनी तालुक्यातही तेच. टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल. कुठे दिवसा, कुठे लाइट लावून रात्री. मोहल्ल्यातली पोरं वर्गणी करून टीम उतरवतात. पहिले बक्षीस एखादा पुढारी देतो, दुसरे एखादा ठेकेदार नाहीतर दुकानदार, आणि माइकवरचा भाऊ रात्री बारापर्यंत घसा बसवून घेतो. शाळेतला, कॉलेजातला, मदरशातला, गॅरेजवर काम करणारा, असे शे-दोनशे नौजवान कुणी न बोलावता एका जागी जमतात. जुम्मा आणि ईदगाह सोडले तर आपल्या गावात अशी दुसरी जागा कोणती?

अशा स्पर्धेला सामाजिक कारण जोडण्याची पद्धतही जुनी आहे. कधी रक्तदान, कधी व्यसनमुक्ती, कधी एखाद्या गरिबाच्या मुलाचे ऑपरेशन. आता त्या यादीत तरुणांच्या मानसिक आरोग्याचा विषय येतो आहे. खेळातून पैसा उभा करण्याचा हा मार्ग जगात नवा नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात ३० जणांनी गंमत म्हणून मिशा वाढवल्या. त्यातून ‘मोव्हेंबर’ नावाची मोहीम उभी राहिली, आणि पुढे पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी व आत्महत्या रोखण्यासाठी तिने मोठा निधी जमवला. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावते. तिच्यातून सामाजिक संस्थांसाठी आजवर शेकडो कोटी रुपये उभे राहिले आहेत.

पवनी मुंबई नाही. इथे चषक भरवला तर खर्च वजा जाता वीस-तीस हजार रुपये उरले तरी पुष्कळ झाले. म्हणूनच इथे प्रश्न जास्त टोकदार होतो. एवढ्या पैशाचे करायचे काय? ‘जागृती’ केली असे म्हणून तो बॅनर, टी-शर्ट आणि पाहुण्यांच्या शाल-श्रीफळात संपवायचा, की त्यातून एखादा पोरगा खरोखर डॉक्टरसमोर जाऊन बसेल अशी वाट करायची? या लेखाचे म्हणणे दुसऱ्या बाजूचे आहे, आणि त्याची कारणे आकड्यांत आणि आपल्या गावच्या भूगोलात आहेत.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता, २२,७४६. त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. म्हणजे आपल्या राज्यात दररोज जवळजवळ पाच विद्यार्थी.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. आजारागणिक फरक असला तरी ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. दहा जणांना त्रास, आणि त्यातल्या सात ते नऊ जणांनी डॉक्टरचे तोंडही पाहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की निम्म्या मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते. चौदा वर्षे म्हणजे आठवी-नववीचा पोरगा, जो अजून बाउंड्रीवर उभा राहून मोठ्यांच्या मॅचमध्ये बॉल आणून देतो.

या आकड्यांना जात-धर्म नाही. पण आपल्या घरांतली दडपणे आपल्याला माहीत आहेत. बारावीनंतर नीटचा क्लास नागपूरला, त्यासाठी काढलेले कर्ज, आणि निकालानंतर घरात पसरलेली शांतता. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारे पोट्टे, ज्यांचे वय दरवर्षी भरतीच्या अटीच्या जवळ सरकते. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने तालुक्यातल्या कितीतरी घरांची शेती आणि गाव दोन्ही घेतले. त्यांची तिसरी पिढी आता कामाच्या शोधात आहे. त्यात मोबाइलवरचा जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण तोवर झालेले कर्ज कायद्याने फिटत नाही. ‘टेन्शन घेऊ नको’ एवढ्याने हे सगळे हलके होत नाही.

ऐंशी किलोमीटर आणि एक चौक

पवनीहून भंडारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. नागपूर ऐंशीच्या आसपास. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. त्यामुळे पूर्व विदर्भातल्या माणसाला मोठ्या उपचारासाठी नागपूरच गाठावे लागते. आणि त्या रुग्णालयाजवळच्या चौकाला नागपूरकर आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. ऑटोवाल्याला पत्ता सांगतानाच आईची मान खाली जाते.

म्हणजे अंतर दोन प्रकारचे आहे. एक एसटीचे, दुसरे शरमेचे. आणि शरमेचे अंतर पवनीतच सुरू होते. ‘लोकांना कळले तर?’ ‘बहिणीच्या रिश्त्याचे काय?’ ‘पोलीस केस होईल का?’ अशा प्रश्नांत महिने जातात.

यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर साफ आहे आणि ते मैदानावर माइकवरून सांगितले पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ११५ म्हणते की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा करू नये. जुन्या भारतीय दंड संहितेतले आत्महत्येच्या प्रयत्नाचे कलम ३०९, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसे राहिलेलेच नाही. त्यामुळे पोराने काही करून घेतले म्हणून भीतीने दवाखाना टाळणे, ‘चुकून औषध प्यायला’ असे डॉक्टरला खोटे सांगणे, याची गरज नाही. त्या खोट्यामुळे त्याला पुढचा उपचार मिळत नाही. याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे.

दुसरी गोष्ट, सरकारी सोय अजिबात नाही असे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्यासाठी एका जिल्ह्याला वर्षाला ८३.२ लाख रुपयांपर्यंत मदत देता येते, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. महाराष्ट्रात किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री क्लिनिक’ असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची हेल्पलाइन चोवीस तास सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठी, हिंदी, उर्दूतही बोलता येते.

आता हिशेब बघा. एका बाजूला जिल्ह्यासाठी लाखांची तरतूद, दुसऱ्या बाजूला आपल्या चषकाचे तीस हजार. या तीस हजारांत आपण समांतर दवाखाना उघडू शकत नाही, आणि उघडूही नये. पण मोहल्ल्यातला पोरगा आणि आधीच मंजूर असलेली सेवा यांच्यामधली जी मोकळी जागा आहे, तिथे तीस हजार रुपये खूप मोठे काम करतात.

विदर्भातच हे करून दाखवले आहे

हे पुस्तकी वाटत असेल तर अमरावती जिल्ह्याचे उदाहरण आहे. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच माणसांना तयार केले. त्यांनी घरोघरी जाऊन बोलायचे, त्रास ओळखायचा, साधे समुपदेशन करायचे आणि गरज असेल त्याला डॉक्टरशी जोडून द्यायचे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. जीव देण्याचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

इथे फरक पडला तो गावातल्या ओळखीच्या माणसाने दारात जाऊन विचारल्यामुळे आणि पुढे सोबत केल्यामुळे. नुसत्या पोस्टरने चार टक्क्यांचे सत्तावीस टक्के होत नाहीत.

मग खेळ कशाला?

कारण मैदान हेच ते दार आहे. पोरगा बिघडतो आहे हे आईच्या आधी कॅप्टनला कळते. रोज येणारा बॉलर आठवडाभर आला नाही, आला तर कडेला बसून राहतो, लहान गोष्टीवर भांडतो, रात्र-रात्र ऑनलाइन दिसतो, खर्रा वाढला, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे हसत हसत बोलून गेला. या खुणा घरात ‘वयच तसे आहे’ म्हणून सुटतात. मैदानात त्या दिसतात, फक्त बघणाऱ्याला त्यांचा अर्थ माहीत हवा.

खेळाचा स्वतःचा फायदाही सिद्ध आहे. २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २१८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात १४ हजारांवर माणसे होती. चालणे, धावणे, योग, वजनाचे व्यायाम यांनी नैराश्य कमी होते असे त्यात दिसले. पण याचा अर्थ ‘मैदानात आण, बरा होईल’ असा नव्हे. ज्याला पलंगावरून उठवत नाही त्याला ‘धाव’ म्हणणे निरुपयोगी आहे. त्याला आधी डॉक्टर, मग मैदान.

आणि विषय काढायला क्रिकेटसारखे दुसरे निमित्त नाही. ग्लेन मॅक्सवेलने २०१९ मध्ये मानसिक कारणासाठी क्रिकेट थांबवले. बेन स्टोक्सने २०२१ मध्ये. विराट कोहलीने २०२२ मध्ये उघड सांगितले की आपण मनाने खचलो होतो आणि महिनाभर बॅटला हात लावला नव्हता. ज्या पोराला ‘डिप्रेशन’ हा शब्द श्रीमंतांचा वाटतो, त्याला या तीन नावांनी दोन मिनिटांत मुद्दा समजतो.

स्पर्धेचा आराखडा मात्र बदलावा लागेल. आपल्या टूर्नामेंट बहुतेक नॉकआउट असतात. सकाळी दहाला हरलेली टीम साडेदहाला घरी. म्हणजे ज्यांना खेळाची, सोबतीची जास्त गरज, तेच आधी बाहेर. हेतू मानसिक आरोग्याचा असेल तर साखळी सामने ठेवा, प्रत्येक टीमला निदान तीन मॅच मिळू द्या, आणि चषक संपल्यावरही आठवड्यातून एक दिवस मैदान सुरू ठेवा. आपल्या शेजारी नागपूरला याचा नमुना आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. तेच ‘स्लम सॉकर’. २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये ‘झुंड’ सिनेमातून तो घराघरांत पोहोचला. ते काम टिकले कारण ते एका दिवसाच्या फायनलसाठी नव्हते, रोजच्या सरावासाठी होते.

तीस हजारांचा हिशेब

समजा, २४ टीम आल्या आणि प्रवेश फी १,००० रुपये. झाले २४ हजार. बाउंड्रीवरच्या जाहिराती आणि देणग्या मिळून २६ हजार. एकूण ५० हजार. मैदान, मंडप, साउंड, लाइट, अंपायर, बॉल, चहापाणी यात २० हजार गेले. हाती उरले ३० हजार. त्याची एक वाटणी अशी करता येईल.

पाच हजार रुपये चार-सहा माणसे तयार करण्यासाठी. एक शिक्षक, एक आशाताई, एक कॅप्टन, एक इमाम साहेब किंवा जमातीतला समजूतदार माणूस, आणि निदान दोन बायका. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य पथकाला लेखी विनंती करून एक दिवसाचे प्रशिक्षण मागता येते. त्यांनी डॉक्टर व्हायचे नाही. ऐकायचे, ओळखायचे, सोबत न्यायचे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने पोराच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने मन मोकळे होते. एवढे शिकले तरी प्रशिक्षण वसूल.

सुमारे साडेचौदा हजार रुपये प्रवासाला. पोरगा आणि सोबत आई किंवा अब्बा, एका फेरीला एसटी, ऑटो, खाणे धरून ४०० रुपये. बारा घरे, प्रत्येकी तीन फेऱ्या, म्हणजे १४,४००. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आई सोबत गेली तर पैसे वाचतातही. तीन फेऱ्या मुद्दाम धरल्या आहेत. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सुटते, आणि एका दिवसाची मजुरी बुडते म्हणून दुसरी फेरी होत नाही. उपचार तुटतो तो इथेच.

सहा हजार रुपये सरकारी दवाखान्यात न मिळालेल्या औषधांसाठी आणि तपासण्यांसाठी. उरलेले ४,६०० मुलींच्या कार्यक्रमासाठी; त्याबद्दल पुढे.

हिशेब फलकावर लावा, पण त्यावर नावे नकोत. ‘घर क्र. १, तीन फेऱ्या, १,२०० रुपये’ एवढेच. पवनी लहान आहे. इथे एक नाव फुटले तर पुढची अकरा घरे दार लावून घेतील.

फी, बक्षीस, जकात आणि कायदा

पैशाचा विषय निघाला की आपल्या घरांत हलाल-हरामचा प्रश्न येणारच आणि यावाही. पहिला मुद्दा बक्षिसाचा. सगळ्या टीमची फी एकत्र करून तीच विजेत्याला देणे म्हणजे जुगाराचाच प्रकार, असे अनेक उलेमांचे मत आहे. बक्षीस बाहेरच्या माणसाने दिले तर ती अडचण राहत नाही. म्हणून बक्षिसे देणगीदारांकडून घ्यावीत आणि फी सरळ खर्च व निधीला जावी. यात मनही स्वच्छ राहते आणि हिशेबही. लकी ड्रॉची कुपने मात्र नकोतच. शरियतच्या दृष्टीने तो जुगार आणि परवाना नसलेली लॉटरी कायद्यानेही गुन्हा.

दुसरा मुद्दा जकातचा. कुरआन शरीफात सूरह तौबामध्ये जकातचे आठ हकदार सांगितले आहेत. मंडप, माइक, टी-शर्ट यांना जकात लागत नाही. पण गरीब रुग्णाच्या हाती औषधोपचारासाठी मदत देणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून दोन डबे वेगळे ठेवा: एक सदका-इमदादचा, एक जकातचा, आणि जकातचा डबा कुठे खर्च होईल हे मस्जिदीतल्या आलिमांना विचारून आधीच जाहीर करा.

तिसरा, कायद्याचा. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा केला तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तालयाला कळवावे लागते आणि हिशेब द्यावा लागतो. गणेश मंडळे दरवर्षी हे करतात. आपल्या पोरांनीही करावे. उद्या कुणी बोट दाखवले तर कागद हातात असलेला बरा.

आणि प्रायोजक निवडताना शरम ठेवा. मानसिक आरोग्याच्या फलकाखाली खर्रा-सुपारीवाल्याचे किंवा सट्टा चालवणाऱ्याचे नाव असेल, तर पोरांना खरा संदेश फलकातून मिळणार नाही, त्या नावातून मिळेल.

बहिणी कुठे आहेत?

आपल्या टूर्नामेंटमध्ये एक अर्धा भाग कायम गायब असतो. मुलींचे दुःख मैदानात येत नाही म्हणून ते नाही असे होत नाही. दहावीनंतर सुटलेले शिक्षण, मनाविरुद्ध ठरलेला रिश्ता, फोनवरून झालेली बदनामी, बाळंतपणानंतरची उदासी. त्यांच्यासाठी कॅप्टनही नाही आणि कट्टाही नाही.

ठाण्याजवळच्या मुंब्र्यात, मुस्लिमबहुल वस्तीत, ‘परचम’ या संस्थेने २०१२ पासून मुलींचा फुटबॉल सुरू केला. सबा खान आणि त्यांच्या सोबतिणींनी घरोघरी जाऊन आई-वडिलांना समजावले, खेळायला जागा मिळावी म्हणून मोहीम चालवली. हिजाब घालून खेळणारी आणि न घालता खेळणारी एकाच टीममध्ये, मुस्लिम आणि गैरमुस्लिम मुली एकत्र. पवनीत पहिल्याच वर्षी मुलींचा चषक होईल असे नाही. पण शाळेच्या बंद आवारात, फक्त महिलांच्या देखरेखीत, बॅडमिंटन किंवा खो-खोचा एक दिवस तर होऊ शकतो. ते ४,६०० रुपये त्यासाठी. आणि त्याच दिवशी प्रशिक्षण घेतलेल्या दोन बाया तिथे बसलेल्या असाव्यात.

शाळा-कॉलेजांनाही आता सुटका नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, ही त्यातली एक. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. चषकाच्या समितीने मुख्याध्यापकांना आणि प्राचार्यांना एक साधे पत्र द्यावे: ‘आपल्याकडे समुपदेशक कोण आहे?’ या पत्राला एक रुपयाही खर्च नाही, आणि कदाचित सगळ्या चषकापेक्षा याचाच परिणाम मोठा होईल.

दुआ आणि दवा

पोरगा गप्प झाला की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो ‘असर’. मग ताविज, मग दर्गा, मग लांबची दर्गा. दुआ करणाऱ्या आईला कुणी नावे ठेवू नयेत. पण दुआच्या नावाखाली दवा बंद झाली तर काय होते हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले. दर्ग्याच्या परिसरातल्या खासगी आश्रमात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. त्यांना पळता आले नाही.

दुसरी वाटही आपल्याच लोकांनी दाखवली. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुआ’ उपक्रम आहे. येणाऱ्याची दुआही होते आणि मुजावरच त्याला तिथल्या मनोविकार डॉक्टरकडे पाठवतात. ज्याच्यावर घरच्यांचा भरोसा, त्यानेच डॉक्टरचे नाव सुचवले की शरम निम्मी होते. पवनीत हे काम इमाम साहेबांचे एक वाक्य करू शकते. हजार वर्षांपूर्वी बल्खचे अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला, कारण दोन्ही आजारांना इलाज लागतो असे त्यांचे म्हणणे होते. ही आपलीच परंपरा आहे.

स्मृती चषक ठेवताना

एक नाजूक गोष्ट. गेलेल्या दोस्ताच्या नावाने ‘स्मृती चषक’ भरवायची आपल्याकडे रीत आहे, आणि त्यात प्रेम असते. पण तो दोस्त आत्महत्येने गेला असेल तर त्याच्या मोठ्या फोटोचा बॅनर, त्याच्यावरचे गाणे, ‘अमर रहे’च्या घोषणा हे टाळावे. अशा गौरवाने आधीच खचलेल्या दुसऱ्या पोराला तीच वाट मोठी वाटू शकते. जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना याचसाठी सावध करते: गौरव नको, पद्धतीचे वर्णन नको, मदत कुठे मिळते ते सांगा. तो कसा गेला याची चर्चा मैदानात नको.

आणि त्याच्या घराला एकटे पाडू नका. बहुतेक फुकहांच्या मते अशा मय्यतीचीही जनाज्याची नमाज होते. निवाडा अल्लाहकडे आहे. आपल्याकडे फक्त त्याच्या अम्मीच्या दारात जाऊन बसण्याचे काम आहे.

वर्गणी देण्याआधी विचारा

यंदा कुणी पोरं ‘मानसिक आरोग्यासाठी चषक’ म्हणून पावती पुस्तक घेऊन दारात आली तर त्यांना परत पाठवू नका. पन्नास द्या, पाचशे द्या. पण आधी तीन प्रश्न विचारा. उरलेल्या पैशातून किती घरे डॉक्टरपर्यंत जातील? सोबत कोण जाणार? आणि हिशेब कोणत्या तारखेला लागणार?

पोरांकडे उत्तर असेल तर त्यांचा चषक जिंकला, मग फायनल कुणीही मारो. उत्तर नसेल तर बसवून घ्या, चहा द्या, आणि सोबत बसून उत्तर तयार करा. मोठ्यांनी वर्गणीसोबत द्यायची दुसरी गोष्ट हीच आहे.

तोवर हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात, टीममध्ये, वर्गात एखादा पोरगा किंवा मुलगी गप्प झाली असेल तर टूर्नामेंटची वाट बघू नका. आजच विचारा, पूर्ण ऐका, एकटे सोडू नका. १४४१६ वर फोन लावा. जीवाला लगेच धोका वाटत असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा.